सनाबादची बाग ते मशहदचा आस्ताना

इ.स. 809मध्ये खलिफा हारून अल्-रशीद खुरासानात वारला. तूसजवळच्या सनाबाद गावातल्या एका बागेत त्याला पुरले. नऊ वर्षांनी त्याच्याच शेजारी शियांचे आठवे इमाम अली रझा यांचे दफन झाले. हारूनच्या मुलाने, खलिफा मामूनने, त्यांना विष दिले अशी शियांची श्रद्धा. इमाम रझा हे प्रेषित मुहम्मदांची कन्या फातिमा यांच्या वंशातले. लोक येऊ लागले ते त्यांच्यासाठी. चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता इथे आला, तेव्हा शिया यात्रेकरू खलिफाच्या कबरीला लाथ मारून इमामांना सलाम करत. आज हारूनच्या कबरीची खूणही नाही आणि सनाबादचे मशहद झाले आहे.

इमामांच्या कबरीवर उभ्या राहिलेल्या दर्ग्यावर घाव आले, तसे आश्रयदातेही आले. गझनीच्या सबुक्तगीनने तो पाडला आणि त्याच्याच मुलाने, सोमनाथमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या महमूदाने, पुन्हा उभारला, असे इतिहासकार इब्न अल्-असीर लिहितो. पुढे दिल्ली लुटणाऱ्या नादिरशाहनेही इथे सोन्याचा मुलामा चढवला. आपल्याकडचे लुटारू तिथे दाते ठरले! तैमूरची सून गौहरशाद हिने 1418मध्ये पुरी केलेली मशीद मात्र माझ्या मते या सगळ्या सोन्याहून उजवी.

1601मध्ये इराणचा सफवी बादशहा शाह अब्बास इस्फहानहून मशहदला पायी गेला. त्यात भक्ती होतीच, पण हिशेबही होता. नजफ आणि करबला ही शियांची तीर्थे उस्मानी तुर्कांच्या ताब्यात होती. इराणी यात्रेकरू आणि त्यांचा पैसा देशातच राहायला हवा होता.

तरी दर्ग्याची संस्था उभी राहिली ती वक्फवर, म्हणजे धर्मादाय दानावर. कोणी शेत दिले, कोणी बाग, कोणी दुकान, कोणी पाण्याचा वाटा. शतकानुशतके हे साठत गेले आणि ‘आस्तान-ए-कुद्स रझवी’ इराणातल्या सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक झाली. दर्ग्यातल्या भोजनगृहात यात्रेकरूंना फुकट जेवण मिळते. ते मिळावे म्हणून लोक आसुसलेले असतात. पण त्याच आस्तानाचे कारखाने, रुग्णालये, विद्यापीठ आणि मोठे ग्रंथालयही आहे. स्वयंसेवक खादिम फरशी पुसतात, चपला सांभाळतात.

सत्तेपासून हे ठिकाण कधीच लांब नव्हते. 1912मध्ये रशियन तोफांनी घुमटावर मारा केला. 1935मध्ये इराणचा राजा रझाशाह याच्या पोशाखसक्तीविरुद्ध गौहरशाद मशिदीत जमलेल्यांवर त्याच्या सैन्याने गोळ्या झाडल्या. 1994च्या आशुराला, मुहर्रमच्या दहाव्या दिवशी, दर्ग्यात बॉम्बस्फोट झाला. 1979च्या इस्लामी क्रांतीनंतर मुतवल्ली, म्हणजे आस्तानाचा प्रमुख विश्वस्त, नेमण्याचा अधिकार सर्वोच्च नेत्याकडे गेला. अब्बास वाएझ-तबसी 2016पर्यंत, मरेपर्यंत, त्या पदावर राहिले. त्यांच्या जागी आलेले इब्राहिम रईसी 2019मध्ये सरन्यायाधीश आणि 2021मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. 2024च्या हेलिकॉप्टर अपघातानंतर त्यांना याच आवारात पुरले.