कावासाकीचा आजार: बालकांच्या अरुंद धमन्या आणि त्यांवरील उपचारांचा इतिहास

जानेवारी १९६१. टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयात चार वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. न उतरणारा ताप, लालबुंद डोळे, भेगाळलेले ओठ, अंगभर पुरळ. बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांना ही लक्षणे कोणत्याच ज्ञात रोगाशी जुळेनात. मुलगा बरा झाला. निदान झालेच नाही.

१९६७ साली कावासाकींनी अशा ५० बालकांची नोंद प्रसिद्ध केली. आजार आपोआप बरा होतो, असे त्यांचे तेव्हाचे मत. १९७० च्या देशव्यापी पाहणीने ते मोडीत काढले. १० बालके हृदयविकाराने दगावली होती आणि शवविच्छेदनात करोनरी धमन्यांत फुगवटे व गुठळ्या आढळल्या.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. उतारवयात धमनी चरबीच्या थरांनी अरुंद होते. या रोगात दाह भिंतच पोखरतो, धमनी फुगते. पुढे जखम भरताना फुगवट्याच्या तोंडाशी भिंत जाड होते, तेथे कॅल्शियम साचते आणि वाट आक्रसते. काहींच्या बाबतीत यास कित्येक वर्षे लागतात.

मग उपाय काय? १९७० च्या दशकात सोइचिरो कितामुरा यांनी अशा बालकावर पायातील शीर वापरून बायपास केली. धाडस मोठेच, पण मूल वाढते, शीर वाढत नाही. ती कालांतराने बंदही पडते. म्हणून १९८० च्या दशकात शल्यविशारद छातीच्या आतील धमनीकडे वळले. ती जिवंत धमनी मुलाबरोबर लांबी-रुंदीने वाढते! या सबंध इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट मला हीच वाटते.

फुग्याने धमनी रुंदावण्याचा मार्ग मात्र खडतर ठरला. कॅल्शियमने कडक झालेल्या भिंतीला फार दाब द्यावा लागे आणि त्यातून नवे फुगवटे निर्माण होत. पुढे हिऱ्याचे कण जडवलेले फिरते टोक वापरून हा कठीण थर खरवडण्यात येऊ लागला.

खरी कलाटणी औषधाने दिली. १९८४ मध्ये केन्शी फुरुशो व सहकाऱ्यांनी शिरेवाटे गॅमा ग्लोब्युलिन देऊन फुगवटे टाळता येतात, हे दाखवले. १९८६ च्या अमेरिकी चाचणीत दोन आठवड्यांनी केवळ ॲस्पिरिन घेतलेल्या २३ टक्के बालकांत धमनीविकृती दिसली. जोडीला ग्लोब्युलिन मिळालेल्यांत ८ टक्के. १९९१ पासून वजनाच्या प्रत्येक किलोमागे २ ग्रॅमची एकच मात्रा रूढ झाली. ती तापाच्या पहिल्या दहा दिवसांत द्यावी लागते. ही मुदत हुकलेल्या काही मुलांना पुढे कितामुरांच्याच वाटेने जावे लागते.

कावासाकी जून २०२० मध्ये, ९५ व्या वर्षी निवर्तले. रोगाचे मूळ कारण तोवर कोणालाही सापडले नव्हते.