अमृतमहालाचे गवत

म्हैसूरच्या सैन्याची वर्णने इतिहासग्रंथांत पुष्कळ आढळतात. परंतु त्याच्या तोफा ओढणारे बैल काय खात होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा प्रश्न तोच होय.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चिक्कदेवराज वोडेयरांनी राजवाड्याच्या दूधलोण्यासाठी गाईंची खिल्लारे बाळगली. त्या खात्यास ‘बेण्णे चावडी’, म्हणजे लोण्याची कचेरी, असे म्हणत. पुढे हैदरअलीने खिल्लारे वाढवून त्यांतील बैल लष्करी कामास लावले आणि टिपूने खात्यास ‘अमृतमहाल’ हे नाव दिले. चिदंबरमच्या मदतीसाठी हैदरने अडीच दिवसांत शंभर मैलांची मजल मारली, तिचे श्रेय जुन्या लेखकांनी याच बैलांना दिले आहे.

हे श्रेय केवळ वंशाचे नव्हते, गवताचेही होते. या खिल्लारांसाठी राज्यात ‘कावल’ नावाची राखीव कुरणे होती. पावसाळी, हिवाळी आणि उन्हाळी असे त्यांचे तीन वर्ग असत. उन्हाळी कावलात सावली व तळ्याकाठची ओल मिळे. ऋतू पालटला की कळप हलत, आणि मागे राहिलेले गवत पुन्हा वाढे.

१७९९ साली श्रीरंगपट्टण पडले व खिल्लारे इंग्रजांच्या हाती गेली. १८६० मध्ये काटकसर म्हणून ती विकण्यात आली. परंतु चांगले बैल मिळेनात, तेव्हा १८६६ मध्ये खाते पुन्हा उभारावे लागले. कळप असा पुन्हा जमविता आला. कुरणांचे तसे झाले नाही; लागवड, वसाहती व सरकारी कामे यांत ती एकेक करून गेली. २००९-१० च्या सुमारास चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळची हजारो एकर कावल जमीन संरक्षण व विज्ञान संस्थांना देण्यात आली. तेथे गुरेमेंढरे चारणाऱ्यांची वाट बंद झाली आणि २०१३ साली तो वाद हरित न्यायाधिकरणापुढे गेला.

सामाईक गवत गेले की वैरणीचा सारा भार शेतकऱ्याच्या स्वतःच्या दोन-तीन एकरांवर येतो. तेथे धान्य पिकवावे की चारा? बंगळुराभोवतीचा शेतकरी नाचणीच्या काडावर भागवितो, आपला ज्वारीच्या कडब्यावर. म्हणूनच संकरित ज्वारीने दाणे अधिक दिले, तरी सोलापूरकडील शेतकऱ्याने उंच कडब्याची मालदांडी सोडली नाही. त्याच्या दारचा खिलार बैलही म्हैसूरच्या हल्लीकर गुरांच्या नात्यातला, असे जाणकार मानतात.

बंगळुरात १९९५ पासून पशुपोषणाची राष्ट्रीय संस्था आहे. शंभर किलो काडास चार किलो युरियाचे पाणी शिंपून ते तीन आठवडे झाकून ठेवले, तर त्याचा कस वाढतो, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. पण त्यासाठीही आधी काड हवे, पाणी हवे आणि हातात चार पैसे हवेत. अवर्षणाच्या वर्षी यांतले काहीच नसते. तेव्हा शेतकरी बैल पडेल त्या किमतीस विकतो आणि पुढच्या पेरणीस भाड्याचे औत शोधतो.

राज्यकर्त्यांना कळपाची किंमत सहा वर्षांत कळली. कुरणाची किंमत मात्र हा शेतकरी आजही आपल्या गोठ्यातून भरतो आहे.