रस्ता परका, कुलूप घरचे

१९१४ च्या ऑगस्टात इंग्रजांनी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी, ५ तारखेला, 'अलर्ट' नावाचे त्यांचे एक जहाज इंग्लिश खाडीत शिरले. काम एवढेच की समुद्राच्या तळाशी घातलेल्या जर्मनीच्या तारा वर ओढायच्या आणि तोडून टाकायच्या. लढाईचा धूर निघण्याआधीच जर्मनीचा बाहेरच्या जगाशी बोलण्याचा स्वतःचा रस्ता गेला.

पुढे जानेवारी १९१७ मध्ये जर्मनीचे परराष्ट्रमंत्री झिमरमान यांना मेक्सिकोला एक गुप्त निरोप धाडायचा होता. अमेरिकेशी आमचे जुंपले तर तुम्ही आमच्या बाजूने उतरा, टेक्सस, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत घ्यायला आमची संमती आहे, असा त्याचा आशय. पण तार कोठे होती? शांततेच्या बोलण्यासाठी अमेरिकेने आपली सरकारी तार जर्मनीला वापरू दिली होती, तीच वापरली. म्हणजे अमेरिकेविरुद्धचा मनसुबा अमेरिकेच्याच तारेवरून! आणि ही तार जात होती इंग्लंडमधून. तिथे इंग्रज कान लावून बसलेले. निरोप अंकांच्या संकेतात होता, तरी त्यांनी तो उलगडत आणला. वॉशिंग्टनहून मेक्सिकोला तो पुढे पाठवताना जुनी संकेतवही वापरली गेली, तिने तर कामच सोपे केले. १ मार्चला तो अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत छापून आला, आणि ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली.

झिमरमानने परक्याची तार वापरली हीच चूक, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. ज्याला स्वतःचा रस्ता नाही त्याने परक्याच्या रस्त्याने जायचे नाही तर काय करायचे? खोट होती ती कुलपात.

ही जुनी गोष्ट आज काढली, कारण आपल्या बँका, दवाखाने, कारखाने यांच्यापुढे तोच प्रश्न उभा आहे. 'क्लाउड' हा शब्द तुमच्या कानांवरून गेला असेल. नावात ढग असला तरी वस्तू जमिनीवरचीच आहे: भाड्याने मिळणारे संगणकांचे मोठे कोठार. ॲमेझॉन कंपनीने २००६ साली असे संगणक भाड्याने द्यायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली कोठारे उघडली. ॲमेझॉन २०१६ मध्ये मुंबईत आली, गूगल २०१७ मध्ये. आता सगळे धान्य एकाच पेवात ठेवू नये हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून एखादी बँक खातेवह्या एका कोठारात ठेवते, त्यांची नक्कल दुसऱ्यात, आणि हिशेबाचे काम तिसऱ्यात करते. पण मग या पेवातून त्या पेवात माल रोज न्यावा लागतो. मधला रस्ता परक्याचा, आणि प्रत्येक कोठाराच्या फाटकाचे नियम निराळे.

इंटरनेटचा रस्ता मुळात बिनकुलपाचा. त्याचे सध्याचे चलन १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यात सुरू झाले. तेव्हा त्यावर माणसे थोडी, बहुतेक विद्यापीठांतली आणि सरकारी. माहिती लहान लहान पुडक्यांतून जाते, पुडक्यावर पत्ता असतो, आणि वाटेतल्या कोणालाही आतले वाचता येते. पोस्टकार्डच म्हणा ना! पुढे व्यापारी मंडळी आली तेव्हा पाकिटाची गरज भासली. युक्ती अशी काढली की आपले पुडके कुलूपबंद करून दुसऱ्या पुडक्यात घालायचे. बाहेरच्या पुडक्यावर रस्त्याचा पत्ता, आतल्यावर घरचा. रस्त्यावरच्याला फक्त बाहेरचे दिसते. याला बोगदा म्हणतात, आणि अशा बोगद्यांनी जोडलेल्या जाळ्याला व्हीपीएन, म्हणजे आभासी खाजगी जाळे.

कुलूप आले की किल्ली आली. झिमरमानच्या काळी संकेतवही माणसाबरोबर पाठवावी लागे, आणि ती जुनी झाली तरी बदलणे जिकिरीचे. १९७६ साली डिफी आणि हेलमन या दोघा अमेरिकनांनी दाखवून दिले की दोघांनी सगळ्या गावासमोर उघडपणे आकड्यांची देवघेव करूनही शेवटी फक्त त्या दोघांनाच ठाऊक असेल असा एक आकडा ठरवता येतो. वर्गात हे सांगितले की मुले आधी हसतात. गणित मांडले की गप्प होतात. शिक्षकांनी लहान आकडे घेऊन फळ्यावर करून पाहावे, तास रंगतो. या शोधामुळे किल्ली वाहून नेणारा जासूद लागेनासा झाला, आणि रोज नवी किल्ली घेणे परवडू लागले.

तरी सगळीच कुलपे चांगली नव्हती. १९९० नंतरच्या दशकात मायक्रोसॉफ्टने पीपीटीपी नावाची बोगद्याची पद्धत घरोघर पोचवली, आणि १९९८ मध्येच तिच्यातल्या कच्च्या जागा तज्ज्ञांनी उघड केल्या. आयपीसेक ही दुसरी पद्धत भक्कम, पण इतकी गुंतागुंतीची की कुलूप लावणाराच गोंधळायचा.

मोठ्या कंपन्यांना मात्र वाटे की आमचे दोर आमच्या मालकीचे किंवा खास भाड्याचे, आम्हाला आतल्या वाहतुकीला कुलूप कशाला? ३० ऑक्टोबर २०१३ रोजी 'वॉशिंग्टन पोस्ट'ने स्नोडेनने बाहेर आणलेल्या कागदांवरून बातमी दिली. गूगल आणि याहू यांच्या कोठारांना जोडणाऱ्या दोरांवर अमेरिकन आणि ब्रिटिश हेरखाती कान लावून माहिती घेत होती. गूगलने आतल्या वाहतुकीला कुलपे घालण्याचे काम त्या सुमारास आधीच हाती घेतले होते. याहूने ते मार्च २०१४ अखेर केले. रस्ता आपला आहे एवढ्यावर विसंबण्याचे दिवस तिथे संपले.

मग आजची पद्धत पुढे आली: वरचे जाळे. खाली कोणाचाही रस्ता असो, आपण त्यावर आपले स्वतःचे जाळे अंथरायचे आणि प्रत्येक संगणकाला आपला निराळा क्रमांक द्यायचा. याची गरज का, ते पाहा. गावोगाव मारुतीची आळी असते. पत्त्यावर नुसते 'मारुतीची आळी' लिहिले तर पोस्टमन काय करील? कोठारांतही १० ने सुरू होणारे तेच ते खाजगी क्रमांक सगळे वापरतात. ते कोणीही आपल्या घरात वापरावेत असे १९९६ सालीच ठरले आहे. दोन कोठारे जोडली की आळ्या एकमेकींवर आदळतात. वरच्या जाळ्याचे क्रमांक आपणच वाटलेले, म्हणून ती अडचण टळते.

दुसरी अडचण दारांची. बरेच संगणक अशा दाराआड असतात की आतून बाहेर जाता येते, बाहेरून आत येता येत नाही. त्यावर तोड अशी की एका मध्यस्थाने दोघांना एकमेकांचा ठावठिकाणा कळवायचा आणि दोघांनी एकाच वेळी आतून पुडके टाकायचे. बहुधा दोन्ही दारे किलकिली होतात, आणि पुढचे बोलणे थेट चालते. नाहीच जमले तर मध्यस्थ पुडकी पुढे ढकलतो, पण किल्ली त्याच्याजवळ नसल्याने ती उघडू शकत नाही.

कुलपांतही सुधारणा झाली. जेसन डोनेनफेल्ड यांचे वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आले. त्याचा मजकूर सुमारे ४,००० ओळींचा. एका माणसाला बसून वाचता येईल इतका, आणि मला त्याचे मोल यातच वाटते. पाकिटाला जागा मात्र लागते: साधारण १,५०० बाइटांच्या पुडक्यातले ६० ते ८० त्यातच जातात.

उरते ती किल्ल्यांची नोंदवही. १० संगणकांच्या जोड्या ४५ होतात, १०० संगणकांच्या ४,९५०. एवढे हाताने कोण सांभाळणार? म्हणून कोणाला जाळ्यात घ्यायचे हे ठरवणारी एक मुख्य किल्ली असते. काही कंपन्या ही व्यवस्था तुमच्यासाठी चालवतात. सोय खरी, पण मग फाटकावरचा पहारेकरी त्यांचा. स्लॅक कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये 'नेब्युला' हे साधन सर्वांसाठी खुले केले, त्यात मुख्य किल्ली तुमच्याकडेच राहते. प्रत्येक संगणकाला तिच्या सहीचा दाखला द्यायचा आणि किल्ली जाळ्यापासून दूर, कुलपात ठेवून द्यायची. मुदत वेगळी सांगितली नाही, तर ती मुख्य सही एका वर्षाने संपते. तेव्हा ती तारीख दिनदर्शिकेवर आधीच लिहून ठेवावी, नाहीतर एके सकाळी तिन्ही पेवांतले संगणक जागच्या जागी चालू असतात, आणि एकही दुसऱ्याला ओळख देत नाही.