रांगा मोडल्या तेव्हा

जामनेर तालुक्यात मास्तरकी करताना गटचर्चा आमच्या शाळेत शिरली ती २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमासोबत. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांचं कौतुक ऐकून आम्हीही रांगा मोडल्या, फरशीवर गोल आखले. मुलांशी मोकळं बोलणं मात्र खानदेशाला जुनंच. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आलेले साने गुरुजी १९२४ साली तिथल्याच शाळेत शिक्षक झाले. वसतिगृह सांभाळताना ते मुलांसाठी हातानं लिहिलेलं ‘छात्रालय’ दैनिक काढत. त्याला गटचर्चा म्हणणं ओढूनताणून होईल, लिहिणारे गुरुजीच. पण मुलांच्या रोजच्या जगण्याला तिथं जागा होती, आमच्या परिपत्रकात तेवढीच नव्हती.

२०१७ च्या खरिपात बोंडअळीनं कपाशी पोखरली. ‘पऱ्हाटी उपटायची की ठेवायची?’ एवढंच फळ्यावर लिहून मी बाजूला झालो. पुस्तकातल्या प्रश्नाला मुकी राहणारी पोरं आपल्या तावडी बोलीत कडाकडा भांडली. फवारणीचा खर्च, वेचणीची मजुरी, सगळा हिशेब तोंडपाठ! साहेब तपासणीला आले की मात्र प्रमाण मराठी, म्हणजे चिडीचूप. गटप्रमुख दरवेळी बोलकाच पोरगा व्हायचा. पुढं मी चिठ्ठ्या टाकू लागलो, तेव्हा कुठं मुलींच्या वाट्याला बोलणं आलं.