शेवटी आला तो आधी घरी

परभणीला विमानतळ नाही. विमान गाठायचं तर नांदेडला जायचं, साठ-सत्तर किलोमीटर. 2008 साली शिखांच्या गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त तिथला विमानतळ वाढवला गेला, तेव्हा मराठवाड्याच्या या टोकाला आकाश जवळ आल्यासारखं वाटलं होतं. पुढे 27 एप्रिल 2017 रोजी पंतप्रधानांनी सिमल्याहून ‘उडान’ योजना सुरू केली आणि पहिल्याच दिवशीच्या मार्गांत नांदेड–हैदराबाद होता. विमान ट्रुजेटचं, पंख्याचं छोटं एटीआर. 2022 च्या सुरुवातीला ट्रुजेटची उड्डाणं थांबली. प्रवाशांनी मुकाट्याने पुन्हा देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. त्या विमानात उजव्या खुर्चीवर बसणाऱ्या तरुण सहवैमानिकांना मात्र दुसरी गाडी इतक्या सहज मिळण्यासारखी नव्हती.

विमान कंपनी अडचणीत आली की आधी घरी कोण बसतो, हे अमेरिकेत लिहून ठेवलेलं असतं. तिथल्या मोठ्या कंपन्यांत वैमानिकांची ज्येष्ठता यादी असते. कपात शेवटच्या नावापासून सुरू होते आणि परत बोलावणं निघतं ते उलट्या क्रमाने. करोनाकाळातल्या सरकारी मदतीची मुदत संपताच 1 ऑक्टोबर 2020 रोजी अमेरिकन एअरलाइन्सने सुमारे 19,000 कर्मचाऱ्यांना घरी बसवलं. त्यांत सुमारे 1,600 वैमानिक होते. नियम निष्ठुर खरा, पण आपला क्रमांक कितवा, हे ज्याचं त्याला ठाऊक असतं.

आपल्याकडेही 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘शेवटी आला तो आधी बाहेर’ हे तत्त्व होतं. त्यातच कपात झालेल्याला पुन्हा भरतीत प्राधान्य देण्याचंही कलम होतं. पण लाखांत पगार घेणारा वैमानिक ‘कामगार’ ठरतो का, यावरच वाद. शिवाय बरीच वर्षं प्रश्न तितका पेटलाही नाही. 1953 मध्ये आठ कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स झाली. परभणी ज्या निजामी राज्यात होती, तिथली बेगमपेटची डेक्कन एअरवेज त्या आठांपैकीच एक. सरकारी महामंडळात वैमानिकांचे संप गाजले, पण नोकरी लागली की लागली, हा भरवसा होता.

हा भरवसा खाजगी कंपन्यांच्या काळात सुटला. जेट एअरवेज 1993 मध्ये उडाली, किंगफिशर 2005 मध्ये. बारामती, धुळे, गोंदिया इथल्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांकडे गावोगावची मुलं वळली. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, पुढे 200 तासांचं उड्डाण आणि त्यासाठी शेत किंवा घर गहाण टाकून काढलेलं कर्ज.

मग 2008 चा ऑक्टोबर आला. जेटने एका फटक्यात सुमारे 800 जणांना काढलं आणि एकूण 1,900 जणांना काढणार असल्याचं समोर आलं. सुरुवात झाली ती केबिन क्रूपासून, आणि त्यांतही परिविक्षेवर असलेल्या, नुकत्याच आलेल्या पोरापोरींपासून. गणवेशातली ही मुलं मुंबईत रस्त्यावर उतरली, मनसेचे राज ठाकरे यांच्याकडे गेली. मुंबईतून जेटची विमानं उडू देणार नाही, असा इशारा निघाला. 16 ऑक्टोबरच्या रात्री जेटचे अध्यक्ष नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेतल्याचं जाहीर केलं. मुलांच्या नोकऱ्या वाचल्या, हे चांगलंच झालं. पण वाचल्या त्या यादीतल्या क्रमांकामुळे किंवा कायद्याच्या कलमामुळे नाही, तर एका नेत्याच्या इशाऱ्यामुळे. नियमाची जागा कुणी भरलीच नाही. त्याचे परिणाम पुढची पंधरा वर्षं दिसत राहिले.

2012 मध्ये किंगफिशरचा परवाना निलंबित झाला. 17 एप्रिल 2019 रोजी जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं. वैमानिकांचे पगार त्याआधीच काही महिने थकले होते. अशा वेळी हजारो तास उडवलेल्या कॅप्टनला आखातातल्या कंपन्यांची दारंही खुली असतात. सहवैमानिकाचं तसं नसतं. त्याच्याकडे परवाना असतो, पण टाइप रेटिंग एकाच जातीच्या विमानाचं. जेटची बहुतेक देशांतर्गत उड्डाणं बोइंग 737 वर. इंडिगो आणि गोएअर मात्र प्रामुख्याने एअरबस. म्हणजे नवी नोकरी हवी तर आणखी काही लाख भरून नवं रेटिंग. ट्रुजेटच्या एटीआरवाल्यांचीही हीच गत. भरीला हातावरचा सराव: मागच्या 90 दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणी झालेल्या नसतील, तर प्रवाशांना घेऊन उडता येत नाही. त्यासाठी पुन्हा सिम्युलेटर, आणि त्याचा ताशी दर बेकाराला परवडणारा नसतो. घरी बसलेल्याचे तास वाढत नाहीत, आणि तास नाहीत म्हणून कॅप्टनपद लांबतं.

करोनात 25 मार्च ते 24 मे 2020 देशांतर्गत प्रवासी सेवा बंद होती. जुलैत एअर इंडियाने बिनपगारी रजेची योजना काढली: सहा महिने ते दोन वर्षं, आणि ती पाच वर्षांपर्यंत वाढवण्याची तरतूद. पाच वर्षांची रजा! त्याच महिन्यात इंडिगोने दहा टक्के कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. सप्टेंबर 2022 मध्ये स्पाइसजेटने सुमारे 80 वैमानिकांना तीन महिने बिनपगारी घरी पाठवलं आणि वर सांगितलं की, कुणालाही कामावरून न काढण्याच्या आपल्या धोरणाला हे धरूनच आहे. काढलेल्याला निदान दुसरीकडे जाता येतं. रजेवरच्याला ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याचा बाँड आडवा येतो आणि नोटीसही: 2017 च्या नियमानुसार सहवैमानिकाने नोकरी सोडण्याआधी सहा महिने सांगायचं, कॅप्टनने एक वर्ष. गो फर्स्टने (आधीची गोएअर) 2 मे 2023 रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवशी विमानं उभी केली. वैमानिकांना किती दिवसांची नोटीस मिळाली, ते यावरून कळावं.

परभणी-जिंतूरकडच्या ज्या घरांत यंदा मुलाला किंवा मुलीला वैमानिक करायचं घाटतंय, त्यांनी प्रशिक्षण संस्थेचं माहितीपत्रक पाहून झाल्यावर नोकरीच्या कराराचा एखादा नमुनाही मिळवून वाचावा. रेटिंग कोणत्या विमानाचं, बाँड किती वर्षांचा, बिनपगारी रजा कंपनी किती काळ लादू शकते आणि त्या काळात दुसरीकडे काम करता येतं का, एवढं तरी विचारून घ्यावं. कर्जाच्या कागदावर सही त्यानंतर करावी.