अ‍ॅसिडने धुतलेला बोल्ट अचानक का तुटतो? जाणून घ्या धातूत लपणाऱ्या हायड्रोजनबद्दल

मागच्या पावसाळ्यात माझ्या बाईकचे काही बोल्ट गंजले. मी ते रात्रभर टॉयलेट क्लीनरमध्ये बुडवून ठेवले. सकाळी एकदम चकाचक! पण मेकॅनिक काकांनी त्यातले ब्रेकजवळचे बोल्ट सरळ बाजूला टाकले. म्हणाले, "अ‍ॅसिडमधला बोल्ट ब्रेकला लावायचा नाही, तुटतो." मला पटलं नाही, म्हणून मी शोधायला बसलो. काका बरोबर होते.

नेमकं होतं काय?

अ‍ॅसिड लोखंडाशी रिअ‍ॅक्ट झालं की हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. बरेचसे जोडीने बुडबुडे होऊन उडून जातात, पण काही एकेकटे पोलादात शिरतात. हायड्रोजनचा अणू खूपच लहान, त्यामुळे लोखंडाच्या अणूंमधल्या फटींतून तो साध्या तापमानालाही फिरतो. जिथे ताण जास्त, तिथे तो गोळा होतो आणि धातू ठिसूळ होतो. याला हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट म्हणतात. जास्त मजबूत पोलादाला हा धोका जास्त. तिथे एका टनात काही ग्रॅम हायड्रोजनही पुरतो.

गंमत म्हणजे बोल्ट आवळताना काहीच होत नाही. तो तुटतो काही तासांनी किंवा दिवसांनी. आमच्या भाषेत, टेस्टिंगमध्ये पास, प्रॉडक्शनमध्ये फेल!

खरं उदाहरण

मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजच्या नव्या भागात ९६ जाड रॉड आवळले गेले. थोड्याच दिवसांत त्यातले ३२ तुटले. हे जस्ताचा थर दिलेले, जास्त मजबुतीचे रॉड होते आणि आवळण्याआधी काही वर्षं पाणी साचणाऱ्या भोकांत उभे होते. तपासात कारण निघालं, हायड्रोजन.

मग तो शोधतात कसा?

हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन असतो, त्यामुळे एक्स-रेला तो जवळपास दिसतच नाही. म्हणून वेगळ्या युक्त्या वापरतात:

- तापवून: नमुना हळूहळू तापवतात आणि बाहेर पडणारा वायू मोजतात. किती तापमानाला किती हायड्रोजन सुटला, यावरून तो आत किती घट्ट अडकला होता ते कळतं.
- पत्र्यातून पार करून: पातळ पत्र्याच्या एका बाजूने हायड्रोजन सोडतात आणि दुसऱ्या बाजूला पोहोचायला किती वेळ लागला ते बघतात.
- अणू मोजून: अ‍ॅटम प्रोब नावाचं यंत्र सुईसारख्या नमुन्यातून एकेक अणू उडवून थ्रीडी नकाशा बनवतं. यंत्रातही थोडा हायड्रोजन उरलेला असतो, म्हणून गोंधळ टाळायला त्याचा जड भाऊ ड्युटेरियम वापरतात. तो निसटू नये म्हणून नमुना गोठवतात.

उपाय आहे का?

आहे. कारखान्यात प्लेटिंगनंतर असे बोल्ट लगेच साधारण २०० अंश सेल्सिअसला काही तास तापवतात, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. काही पोलादांत व्हॅनेडियम किंवा टायटॅनियम कार्बाइडचे बारीक कण असतात. ते हायड्रोजनला पकडून ठेवतात, फिरू देत नाहीत.

आपण काय करायचं?

बोल्टच्या डोक्यावर १०.९ किंवा १२.९ लिहिलं असेल, तर तो अ‍ॅसिडमध्ये टाकू नका. स्प्रिंग आणि चेनही नाही. गंज वायर ब्रशने काढा, नाहीतर नवा बोल्ट घ्या. मी नवेच घेतले. ब्रेकच्या बाबतीत रिस्क नको!