जुन्या मोटारगाड्यांतील विद्युत्भार व एंजिनाची मंदगती

ॲक्सिलरेटरवर पाय नसताना आणि गाडी जागेवर उभी असताना एंजिन ज्या किमान वेगाने फिरत राहते, त्या वेगाला मंदगती म्हणतात. गॅरेजमध्ये तिला नुसते ‘स्लो’ म्हणतात. कार्ब्युरेटर असलेल्या पेट्रोल गाड्यांत हा वेग साधारणपणे मिनिटाला ७०० ते ९०० फेऱ्या असतो. रात्री दिवे लावताच किंवा आतला पंखा सुरू करताच तो उतरतो, गाडी थरथरते आणि क्वचित बंदही पडते. वेग थोडासा उतरणे हा बिघाड नसून जुन्या रचनेचा स्वाभाविक गुण आहे; तो किती उतरतो आणि पुन्हा सावरतो की नाही, यावरून मात्र एंजिनाची प्रकृती कळते.

मंदगतीत कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि एंजिन स्वतःचे घर्षण भागवण्यापुरतीच शक्ती निर्माण करते. अल्टरनेटर, म्हणजे पट्ट्याने फिरणारे वीजजनित्र, या तुटपुंज्या शक्तीतच वाटेकरी होते. दिवे लावल्यावर बॅटरीचा दाब किंचित घसरतो, रेग्युलेटर ती घसरण ओळखून अल्टरनेटरच्या फिरत्या चुंबकातील प्रवाह वाढवतो, चुंबकीय क्षेत्र तीव्र होते आणि तो चुंबक फिरवणे जड जाते. पुढचे दोन दिवे, मागचे दिवे, आतला पंखा व रेडिएटरचा विजेवरचा पंखा यांचा एकत्रित भार सुमारे ३०० वॅट धरला, तर १४ व्होल्टला वीस-बावीस अँपिअर प्रवाह लागतो. अल्टरनेटरची कार्यक्षमता पन्नास ते साठ टक्क्यांच्या आसपास असल्याने पट्ट्यावरून त्यासाठी ५०० ते ६०० वॅट, म्हणजे सुमारे पाऊण अश्वशक्ती घेतली जाते. ७९६ घन सेंटिमीटरच्या तीन सिलिंडरी मारुती ८०० सारख्या गाडीची कमाल शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आसपास असल्यामुळे महामार्गावर हा भार जाणवतही नाही. मंदगतीत मात्र तो घर्षणाच्या जोडीला येऊन बसतो आणि लगेच जाणवतो.

एंजिन तरीही बहुधा बंद पडत नाही, याला कारण आहे. मिटत आलेल्या झडपेच्या फटीतून दर सेकंदाला आत शिरणारी हवा जवळपास ठरलेली असते. फेऱ्या कमी झाल्या की तीच हवा कमी स्फोटांत वाटली जाते, प्रत्येक स्फोटाचा जोर वाढतो आणि एंजिन थोड्या खालच्या वेगावर स्थिरावते. ठिणगीच्या यंत्रणेतले पॉइंट झिजलेले असतील, प्लगवर काजळी असेल किंवा इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा ओढली जात असेल, तर ही आपोआप सावरण्याची क्रिया अपुरी पडते.

अल्टरनेटरच्या आधीच्या, डायनामोच्या काळात तक्रारीचे रूप वेगळे होते. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातील फियाट ११००, जी १९७० च्या दशकात पद्मिनी झाली, आणि उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर यांच्या सुरुवातीच्या मॉडेलांत डायनामो असे. मंदगतीत डायनामो फारशी वीज देऊच शकत नसे. कट-आऊट त्याला बॅटरीपासून तोडून टाकी आणि सगळा भार बॅटरीवर पडे. त्यामुळे ओढ एंजिनावर न येता दिवे मिणमिणत. त्या काळातली एक सवय पुढे बरीच नडली: चार्जिंग होते की नाही हे पाहण्यासाठी चालू गाडीच्या बॅटरीची तार काढणे. अल्टरनेटरच्या गाडीत असे केल्यास दाब एकदम उसळून डायोड जळू शकतात.

नांदेड व लातूर भागात मंदगती उतरण्याचा प्रश्न मुख्यतः उन्हामुळे तीव्र होतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो; ४४ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे आठ टक्के विरळ असते, कार्ब्युरेटरच्या टाकीतले पेट्रोल उकळू पाहते आणि मिश्रण बिघडते. नेमक्या अशा वेळी, रेल्वे फाटकाशी किंवा बाजारात गाडी उभी असताना, रेडिएटरचा विजेवरचा पंखा आपोआप सुरू होतो. पद्मिनीत व ॲम्बॅसडरमध्ये हा पंखा एंजिनाच्या पट्ट्यावरच फिरत असल्याने त्यांना हा झटका बसत नाही. गोदावरीच्या खोऱ्यातील नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने बालाघाटच्या पठारावरील लातूरला आलेल्या गाडीचा स्लो बिघडला की दोष चढाला व उंचीला दिला जातो. प्रत्यक्षात उंचीमुळे हवेच्या घनतेत पडणारा फरक उन्हाने पडणाऱ्या फरकापुढे किरकोळ आहे. उन्हाळ्यात बॅटरीतले पाणी भराभर आटते, हे अधिक महत्त्वाचे, कारण अर्धी उतरलेली बॅटरी स्वतःच अल्टरनेटरवरचा मोठा भार बनते.

खेड्यापाड्यांची वाहतूक करणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांवर जादा दिवे, टेप व अँप्लिफायर लादूनही त्यांचा स्लो फारसा ढळत नाही, कारण त्यांची डिझेल एंजिने गव्हर्नर असलेल्या इंधनपंपावर चालतात: वेग उतरताच गव्हर्नर इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत असा राखणदार नसतो. वातानुकूलन असलेल्या काही गाड्यांत निर्वाताने चालणारा एक पडदा झडप किंचित उघडतो, पण तो कॉम्प्रेसरसाठी असतो, दिव्यांसाठी नव्हे.

स्लोचा स्क्रू पिळून वेग वाढवणे हा सर्वांत आवडता इलाज असला तरी तो दुखणे झाकतो. हजाराच्या पुढे गेलेला स्लो पेट्रोल वाया घालवतो आणि उन्हाळ्यात चावी बंद केल्यावरही एंजिन धडधडत राहण्याची शक्यता वाढवतो. पट्ट्याचा ताण, बॅटरीची टोके, एंजिन व बॉडीमधील अर्थिंगची तार, पॉइंट व प्लग हे आधी तपासणे शहाणपणाचे ठरते. वेग थोडा वाढवून मोजलेला दाब १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान असेल, तर चार्जिंग ठीक मानावे. सर्व भार लावून मंदगतीत तो १३ च्या खाली राहत असेल, तर तुटीची वीज बॅटरीतून जात असते.

एप्रिल २००० मध्ये देशभर नवे उत्सर्जन-मानक लागू झाले, त्या सुमारास कार्ब्युरेटर मागे पडून इंधन-अंतःक्षेपण आले. दिवे किंवा पंखा लागल्याची सूचना संगणकाला मिळते आणि तो जादा हवेची वेगळी वाट उघडून वेग कायम राखतो. या वाटेत धूळ व तेलाचा थर साचला की तीच जुनी तक्रार पुन्हा उद्भवते; मात्र तिथे स्क्रू पिळून काही साधत नाही, थ्रॉटल बॉडी उतरवून साफ करावी लागते.